दोन सिद्राम

बाबा गेले २०२१ ला. त्यानंतर सातबाऱ्यावर वारस नोंद लावायची म्हणून वंशावळ लिहायला बसले आणि ती वंशावळ अजून संपलेली नाही. मी सोलापुरातच असते, जुळे सोलापूरला, नोकरी पुण्याच्या कंपनीची पण काम घरातनं, आणि काम डेटाबेसचंच. टेबलं, कॉलम, जॉइन (म्हणजे एक टेबल दुसऱ्याला जोडणं) हे रोजचं. तरी पण घराण्याची माहिती साठवायची कशी हे मला जवळजवळ दोन वर्षं उमगलं नाही, आणि उमगलं ते आत्याच्या एका प्रश्नानं. कुणी हे काम हाती घेणार असेल तर त्याच्याकडनं माझ्यासारखी चूक होऊ नये असं फार वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

वारस नोंदीपुरती वंशावळ एका कागदावर मावते. वर पणजोबा, खाली मुलं, खाली नातवंडं, रेघा मारल्या, प्रतिज्ञापत्र केलं, झालं. पण त्यासाठी आजोबांची पत्र्याची ट्रंक उघडली आणि त्यात फेरफाराच्या नकला, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जमाखर्चाच्या दोन वह्या असं काय काय निघालं, म्हणून एक्सेल केली. एक ओळ म्हणजे एक माणूस. नाव, वडील, आई, जन्म, मृत्यू, गाव. पन्नास-साठ ओळींपर्यंत छान चाललं.

मग आजीची ओळ आली. आजीचं माहेरचं नाव गंगव्वा, सासरी ठेवलेलं पार्वती, रेशनकार्डावर पारूबाई, मतदार यादीत पार्वतीबाई, आणि गावात सगळे तिला मास्तरांची आई म्हणायचे. एका कॉलमात यातलं कुठलं लिहू? मी पार्वती लिहिलं आणि बाकीची शेऱ्यात टाकली. पण तिच्या माहेरच्या फेरफारात गंगव्वा आहे, तिथं शोधलं की ती सापडायची नाही. आपल्याकडं तर प्रत्येक बाईची ही गत आहे, लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कित्येकींचं स्वतःचं नाव पण बदलतं, म्हणजे घराण्यातली अर्धी माणसं दोन-दोन नावांची. नाव हा माणसाचा एक कॉलम होऊच शकत नाही, नावांचं वेगळं टेबल पाहिजे आणि प्रत्येक नावापुढं ते कुठल्या कागदात, कुठल्या काळात, कुणी वापरलं ते पाहिजे. हा पहिला धडा.

तेव्हा मात्र मी स्वतः काही बनवायच्या भानगडीत पडले नाही, एक रेडिमेड ॲप घेतलं. वंशावळीच्या बहुतेक ॲपचं एक सामायिक फाइल फॉरमॅट असतं, गेडकॉम. मॉर्मन चर्चच्या लोकांनी ते १९८४ मध्ये काढलं, ५.५.१ ही आवृत्ती १९९९ ची आणि ७.० आली २०२१ ला. आत साधी टेक्स्ट फाइल असते, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ०, १, २ असे पातळीचे आकडे, एक रेकॉर्ड व्यक्तीचं, एक कुटुंबाचं, आणि कुटुंबाच्या रेकॉर्डात एक नवरा, एक बायको, खाली मुलं. ज्या काळात आणि ज्या लोकांसाठी ते बनलं त्यांना ते पुरलं असणार. त्यात तारखेला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, फ्रेंच रिपब्लिकन अशी कॅलेंडरं आहेत पण शके नाही, आणि आजोबांच्या वहीत तर सगळं शकेच. ७.० मध्ये बाहेरचं कॅलेंडर जोडायची सोय केलीय, पण ती समोरच्या ॲपला कळली तर उपयोग.

असो, मूळ गोष्टीवर येते.

गाव आमचं आता दक्षिण सोलापूर तालुक्यात, जुन्या कागदावर नुसतं 'ता. सोलापूर'. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधनं मी कोतवाल बुकाच्या नकला काढल्या. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही. अर्धी पानं मोडीत, अर्धी बाळबोध. मोडी मला येत नाही, ओळखीतल्या एका रिटायर्ड काकांनी वाचून दिली. तीन नोंदी आमच्या घरच्या निघाल्या. फेब्रुवारी १९४१, मुलगा, बापाचं नाव मल्लप्पा. ऑगस्ट १९४४, मुलगा, बापाचं नाव मल्लप्पा. दोन्हीकडं बाळाचं नावच नाही, त्या वहीत जन्माला बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच लिहिलेलं असायचं. तिसरी नोंद मृत्यूची, मार्च १९४३, 'सिद्राम वलद मल्लप्पा, वय २, ताप', म्हणजे मल्लप्पाचा मुलगा सिद्राम.

आता माझ्या बाबांचं नाव सिद्राम आणि आजोबांचं मल्लप्पा. आणि बाबांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४३.

मी ती मृत्यूची नोंद ॲपमध्ये वेगळा माणूस म्हणून भरली. म्हणलं चुलत घरातला कुणी असेल, आमच्या भागात सिद्धरामेश्वरांमुळं सिद्राम घरोघरी, आणि गावात मल्लप्पा तर प्रत्येक वाड्यात एक. दोन-तीन दिवसांनी रात्री ॲपनं सुचवलं की हे दोन सिद्राम एकच दिसतात, नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, एकत्र करायचे का? मी हो म्हणलं. मग विचारलं, मृत्यूच्या दोन तारखा आहेत, १९४३ आणि २०२१, कुठली ठेवायची? बाबांना मी स्वतः पोचवलंय, मी २०२१ निवडलं. दुसरी तारीख गेली, तिच्याबरोबर ती नोंदही गेली. एवढंच झालं, दोन क्लिक.

जानेवारीत आत्या आली, गड्ड्याच्या जत्रेला ती दरवर्षी येते, नंदीध्वज बघितल्याशिवाय तिची संक्रांत होत नाही. शहाऐंशी वर्षांची आहे. मी मोठ्या हौसेनं वंशावळीचा मोठा प्रिंट काढून भिंतीला चिकटवला होता. ती चष्मा लावून बोट ठेवून एकेक नाव वाचत गेली, स्वतःचं नाव वाचलं, बाबांचं वाचलं, काकांचं वाचलं आणि परत बाबांच्या नावावर आली.

"दगडूच्या वरचा कुठाय गं?"

बाबांना घरात दगडू म्हणायचे हे मला माहीत होतं, का ते कधी विचारलं नव्हतं. आत्यानं सांगितलं. तिच्या पाठीवर झालेला पहिला मुलगा सिद्राम, दोन वर्षांचा होऊन गेला. पुढचा झाला तेव्हा आजीनं सिद्धेश्वराला बोललेला नवस होता म्हणून पाळण्यात नाव परत सिद्रामच ठेवलं, पण त्या नावानं हाक मारायला आजीचा जीव होईना, आणि कुणाची नजर नको, म्हणून हाकेला दगडू. "एवढा होता," म्हणून आत्यानं जमिनीपासनं हात धरून दाखवला, गुडघ्याच्या जरा वर. "माझ्या कडेवरच असायचा की दिवसभर."

मला त्या रात्री झोप लागली नाही. ऐंशी वर्षं त्या पोराची आठवण एका माणसाच्या डोक्यात आणि एका वहीच्या एका ओळीत टिकली होती, आणि ती ओळ माझ्या हातनं पुसली गेली. नक्कल कपाटात होती म्हणून वाचलं. पण मला खटकलं ते वेगळंच. माहिती साठवायची रीतच अशी होती की एका माणसाला एकच जन्म, एकच मृत्यू, आणि दोन कागद वेगळं काही सांगत असतील तर त्यातला एक मी तिथल्या तिथं फेकायचा. कागद काय सांगतो आणि त्यावरनं मला काय वाटतं, या दोन गोष्टी एकाच कॉलमात कोंबलेल्या होत्या.

मग मी स्वतःचं मॉडेल लिहायला घेतलं. आधी वाचलं बरंच. ग्रॅम्प्स नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पायथनमध्ये लिहिलेलं, त्यात घटना, जागा, स्रोत, संदर्भ हे सगळं व्यक्तीपासनं वेगळं ठेवलेलं आहे, ते बघून खूप शिकायला मिळालं. आणि अमेरिकेत जेनटेक म्हणून संस्था होती, तिनं १९९० च्या दशकाच्या शेवटी एक डेटा मॉडेल मांडलं होतं, त्यात 'पर्सोना' अशी कल्पना आहे. कागदात दिसतो तो पर्सोना, खरा माणूस नव्हे. हे वाचलं आणि एकदम डोक्यात उजेड पडला.

मी त्याला 'उल्लेख' म्हणते. माझ्या टेबलात १९४१ चा बिननावाचा मुलगा हा एक उल्लेख, १९४३ ला वारलेला सिद्राम वलद मल्लप्पा दुसरा, १९४४ चा बिननावाचा मुलगा तिसरा, दाखल्यावरचा सिद्राम चौथा, आत्यानं सांगितलेला 'वरचा' पाचवा आणि 'दगडू' सहावा. उल्लेख कधी बदलायचा नाही, कधी पुसायचा नाही. 'व्यक्ती' हे टेबल वेगळं आणि त्यात जवळजवळ काहीच नाही, नुसता एक नंबर. मधे 'जुळवणी' नावाचं टेबल, की अमुक उल्लेख अमुक व्यक्तीचा आहे असं मला वाटतं, का वाटतं ते लिहायची जागा, किती खात्री, कुठल्या दिवशी ठरवलं. चुकलं तर ती जुळवणी रद्द अशी खूण करायची, ओळ तशीच राहते. म्हणजे माणसं एकत्र केली काय आणि परत सोडवली काय, कागदाला धक्का लागत नाही. सगळं एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये, एका फाइलमध्ये, पेनड्राइव्हवर मावतं.

याचा त्रासही आहे, तोही सांगायला पाहिजे. साध्या वंशावळीत बाबांची जन्मतारीख बघायची तर एक ओळ वाचली की झालं, इथं व्यक्तीवरनं जुळवणी, जुळवणीवरनं उल्लेख, उल्लेखावरनं दावा (त्या उल्लेखाबद्दल कागद किंवा माणूस जे एकेक सांगतो ते), दाव्यावरनं स्रोत अशी चार जॉइन लागतात. माहिती भरायला तिप्पट वेळ जातो. काकांच्या मुलानं दोन दिवस भरून बघितलं आणि सोडून दिलं, त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मला ते पोर परत हरवू द्यायचं नव्हतं.

मग बाबांच्या जन्मतारखेचं कोडं उलगडायला घेतलं. १ जून ही तारीख महाराष्ट्रात कुणाच्याही दाखल्यावर दिसली की आधी शंका घ्यावी, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराचं वय आईबापाला नीट सांगता यायचं नाही, मग मास्तर अंदाजे साल धरून १ जून लिहायचे. बाबा पण १९४९ ला आत्याच्या मागं मागं शाळेत गेले, अंगापिंडानं थोराड, सहा पूर्ण धरले आणि १९४३ लागलं. आता १९४३ च्या मार्चमध्ये थोरला गेला, जूनमध्ये बाबा झाले, असं पण म्हणता आलं असतं, नोंद करायची राहिली असेल. कोतवाल बुकातली १९४४ ची नोंद कशावरनं बाबांचीच?

हे मी आत्याला फोनवर विचारत होते तर ती सहज बोलून गेली, दगडूच्या वेळेस गिराण लागलेलं. आजीला घरात बसवून ठेवलेलं, विळी-सुरीला हात लावू दिला नाही, भाजी सुद्धा आत्यानंच मोडून ठेवली होती हातानं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसात बाळ झालं. मी लगेच जुनी ग्रहणं शोधली. २० जुलै १९४४, कंकणाकृती सूर्यग्रहण, भारतातनं दिसलेलं. नंतर आजोबांच्या वहीत बघितलं तर 'श्रावण शके १८६६' च्या पानावर बारशाचा खर्च, गूळ, खोबरं, बांगड्या. १८६६ मध्ये ७८ मिळवले की १९४४, आणि त्या ग्रहणाच्या अमावास्येनंतर श्रावणच लागला. म्हणजे आषाढ अमावास्येला आजी पोटुशी आणि महिन्याभरात बाळ. आजोबांची वही, कोतवाल बुक आणि आत्याची आठवण, तिघांनी एकमेकांना न विचारता ऑगस्ट १९४४ सांगितलं.

बाबा ३१ मे २००१ ला रिटायर झाले होते, एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती असते. कोतवाल बुकाप्रमाणं ते २००२ च्या ऑगस्टपर्यंत नोकरीत असते. आणि आम्ही आयुष्यभर त्यांचा वाढदिवस १ जूनला केला. ते साजरं करणं पण खोटं नव्हतं, म्हणून १ जून हा दावा पण टेबलात आहे, शाळेच्या दाखल्याच्या नावानं, कायमचा.

या ग्रहणापायी तारखेचं मॉडेल मात्र पूर्ण बदलावं लागलं. आधी मी तारीख म्हणजे दिवस-महिना-वर्ष धरत होते. आता तीन गोष्टी साठवते: कागदात किंवा तोंडी जसं आलं तसं वाक्य, त्यावरनं निघणारी लवकरात लवकरची तारीख आणि उशिरात उशिराची. 'गिराणानंतर थोड्याच दिवसात' हे जसंच्या तसं राहतं, आणि बाजूला २० जुलै ते ३१ ऑगस्ट १९४४. शिवाय एखादा दावा दुसऱ्या घटनेला टांगायची सोय केली, अमुक घटनेच्या आधी, नंतर, त्या वेळेस. आपली जुनी माणसं तारखा सांगतच नाहीत, ती सांगतात दुष्काळात, प्लेगात गाव रानात राहायला गेलं तेव्हा, मार्शल लॉच्या साली. सोलापूरचा मार्शल लॉ म्हणजे १९३०, आमच्या चुलत पणजीचं लग्न त्याच साली, जुन्या मिलमधले पाहुणे येऊ शकले नव्हते अशी आठवण घरात आहे. तिच्या लग्नाला तारीख नाही, पण आता १९३० च्या मे-जूनचा टप्पा आहे.

लग्नावरनं आठवलं. आत्याचं लग्न तिच्या सख्ख्या धाकट्या मामाशी झालंय, आमच्या भागात यात काही नवल नाही. बाबा त्यांना मामा म्हणायचे आणि आत्याचा नवरा म्हणून मी पण मामाच म्हणते. पण झाडाच्या चित्रात हा माणूस कुठं बसवायचा? आजीचा भाऊ म्हणून आजीच्या रांगेत, आत्याचा नवरा म्हणून बाबांच्या रांगेत. रेडिमेड ॲपनं त्यांना दोनदा काढलं होतं, आणि मामांचे आईवडील आत्याच्या मुलांना एका बाजूनं आजी-आजोबा आणि दुसऱ्या बाजूनं पणजी-पणजोबा. पूर्वज शोधायची रिकर्सिव्ह क्वेरी, म्हणजे आई-बाप, मग त्यांचे आई-बाप असं वर वर शोधत जाणारी, चालवली की तेच लोक दोनदा येतात. मी आता पिढीचा आकडा माणसाला चिकटवतच नाही, तो रस्त्याला असतो. डेटाबेसमध्ये फक्त आई-बाप ते मूल ही जोडणी, जन्माची की दत्तकाची ते लिहून, आणि लग्न ही घटना. मामा, आत्या, जाऊ, व्याही हे सगळं त्यातनं काढता येतं. चित्र काढताना मामा एकदाच येतात, बाबांच्या रांगेत, आणि आजीपासनं एक लांब रेघ खाली येते. दिसायला वाकडी दिसते ती रेघ, पण खरी आहे.

नाव शोधण्याचं थोडक्यात सांगते. सिद्राम, सिद्धाराम, सिदराम, शिद्राम, सगळं एकच. सारख्या उच्चाराची नावं शोधायची इंग्रजी पद्धत, साउंडेक्स, आपल्या काही कामाची नाही. मी प्रत्येक नावाची एक शोधचावी बनवते, ऱ्हस्व-दीर्घ एक, श-ष-स एक, न-ण एक, ल-ळ एक, अनुस्वार काढून टाकला, ध चा द केला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं लिहीतच नसत, त्यामुळं ते एक केल्यानं काही बिघडत नाही. चावी फक्त शोधायला, दाखवताना कागदावर जे आहे तेच.

यंदा सुगीनंतर गावात हेळवी आला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे लोक, कर्नाटकात आणि आपल्या सीमेच्या पट्ट्यात फिरतात, पूर्वी बैलावर बसून यायचे. हा मोटारसायकलवर आला, पण पोतडीतली वही तीच. मी लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसले. त्यानं कानडीत वाचलं, काकूनं मला मराठीत सांगितलं. फोटो काढू दिला नाही, वहीचा मान असतो म्हणाला, ते मला पटलं. म्हणून माझ्या टेबलात तो स्रोत 'ऐकलेलं वाचन' असा आहे, कुणी वाचलं, कुणी अर्थ सांगितला, कुठल्या दिवशी, हे सगळं वेगळं वेगळं.

आजोबांच्या नावाशी आला आणि वाचलं, मल्लप्पाचे मुलगे तीन. मग नावं वाचली, सिद्राम, गुरुसिद्ध. दोनच. मी परत विचारलं, त्यानं पानावर बोट ठेवून परत वाचलं, मुलगे तीन, नावं दोन. असं का ते त्याच्या आज्यालाच माहीत, तो म्हणाला. आता हे कुठं भरणार? माझ्याकडं तेव्हा बिननावाच्या उल्लेखाची सोय होती म्हणून भरता आलं. तीन उल्लेख, दोघांना नाव, एकाचं रिकामं, आणि त्या रिकाम्या उल्लेखाची थोरल्याशी जुळवणी, खात्री 'बहुतेक'. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, दुसऱ्यालाही तेच नाव ठेवल्यानं वहीत एकदाच आलं असावं.

नवा प्रिंट घेऊन परवा आत्याकडं गेले होते. तिनं बोट फिरवत फिरवत सिद्राम वाचला, त्याच्या शेजारी परत सिद्राम वाचला. पहिल्याखाली १९४१–१९४३ आहे. म्हणाली, "आकडे कुणाला कळतात गं, दोन वर्षं असं लिही की." मी तिथंच पेननं लिहिलं. वय हे तारखांवरनं काढायचं असतं, वेगळं साठवायचं नसतं, असं आम्ही डेटाबेसवाले मानतो, पण कोतवाल बुकात पण 'वय २' असंच लिहिलंय आणि आत्यानं पण तेच सांगितलं, तेव्हा रात्री घरी येऊन तो दावा म्हणून भरला, स्रोत आत्या, तारखेसकट.